पहिलं महायुद्ध : भांडण कोणाचं, जमीन कोणाची, मेलं कोण

(संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. ज्या पाड्यांतून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. पाड्यावर बैठक घ्यावी आणि एकाने मोठ्याने वाचावं.)



मला सांगितलं की तू पहिल्या महायुद्धावर बोल. मी बारावीपर्यंत शिकलो. परीक्षेला हा प्रश्न यायचा, 'महायुद्धाची कारणे लिहा'. मी पाच कारणं पाठ केली, मार्क मिळाले, विसरून गेलो. आता बोलायचं म्हणून परत वाचायला बसलो, तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपल्या ओळखीची गोष्ट आहे. शाळेत तसं कोणी सांगितलं नाही.

सुरुवात आपल्या घरातूनच करतो. मागच्या महिन्यात आपल्याच दोन पाड्यांत प्लॉटच्या हद्दीवरून भांडण झालं. नावं घेत नाही, दोन्हीकडचे लोक इथे बसलेत. याने त्याचं कुंपण काढलं. मग याचे सोयरे आले, त्याचे सोयरे आले. तिसऱ्या पाड्याचा काही संबंध नव्हता, पण मामा तिकडचा म्हणून तेही आले. कोयते निघाले. बाया मध्ये पडल्या म्हणून रक्त सांडलं नाही. आणि झालं काय? दोन दिवसांनी गार्ड आला आणि दोघांच्याही प्लॉटवर केस करून गेला. हे डोक्यात ठेवा आणि पुढचं ऐका.

भांडण होतं कशाचं?

युरोप नावाचा मुलूख आहे. तिथे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, रशिया, ऑस्ट्रिया हे मोठे देश. कारखाने वाढले तसा त्यांना कच्चा माल पाहिजे, विकायला बाजार पाहिजे, पैसा गुंतवायला जागा पाहिजे. हे सगळं दुसऱ्यांच्या जमिनीवर होतं. इंग्लंडने हिंदुस्थान घेतला होता, फ्रान्सने आफ्रिकेचा मोठा भाग घेतला होता. १८८४-८५ साली जर्मनीच्या राजधानीत, बर्लिनमध्ये, या देशांचे साहेब लोक बसले आणि आफ्रिकेत कोणी कुठे कसा ताबा सांगायचा याचे नियम ठरवले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. ज्यांची जमीन, ज्यांचं जंगल, ज्यांची गुरं, त्यांना निरोपसुद्धा नाही. पुढच्या तीस वर्षांत जवळजवळ सगळी आफ्रिका वाटून झाली. इथिओपिया आणि लायबेरिया हे दोनच देश मोकळे राहिले.

जर्मनीचं राष्ट्र एकत्र झालं १८७१ साली, म्हणजे वाटणीला उशिरा आलेला गडी. कारखाने सगळ्यांत जोरात, पण पानात कमी वाढलेलं. त्याने आरमार वाढवायला घेतलं. इंग्लंड म्हणालं, समुद्र आमचा. १९०६ साली इंग्लंडने 'ड्रेडनॉट' नावाची भारी लढाऊ बोट काढली, मग जर्मनीने तशाच बोटी बांधायला घेतल्या. मोरोक्को देश कोणाच्या ताब्यात जाणार यावरून १९०५ आणि १९११ साली युद्ध होता होता राहिलं. तोफा बनवणारे कारखानदार मात्र दोन्ही वेळा खुशीत होते.

सोयरीक झाली ती अशी. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने १८७९ साली करार केला, इटली त्यांच्यात १८८२ साली आला. दुसरीकडे फ्रान्स आणि रशिया १८९४ साली एक झाले. इंग्लंडने १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी जमवून घेतलं. दोन टोळ्या तयार.

आणखी एक गंमत. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म हे आते-मामेभाऊ. जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस हे मावसभाऊ. एकमेकांच्या लग्नाला जाणारी माणसं. भाऊबंदकी त्यांची, आणि मेली कोटीभर दुसऱ्यांची पोरं.

ठिणगी कुठे पडली?

बोस्निया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तो ऑस्ट्रियाने १८७८ साली ताब्यात घेतला आणि १९०८ साली कायमचा आपल्या राज्यात जोडला. शेजारी सर्बिया हा छोटा देश. बोस्नियात पुष्कळ सर्ब लोक राहतात, त्यांना ऑस्ट्रियाचं राज्य नको होतं. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड बायकोला घेऊन बोस्नियातल्या सारायेव्हो शहरात आला. तिथे गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या पोराने दोघांना गोळ्या घालून मारलं. हा पोरगा कोण? कुळाच्या घरचा. त्याचा बाप जमीनदाराला पिकाचा तिसरा हिस्सा देत होता. वीस वर्षं पूर्ण नव्हती म्हणून त्याला फाशी झाली नाही. तो १९१८ साली तुरुंगात क्षयाने मेला.

सर्बियाच्या लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी या पोरांना हत्यारं दिली होती. म्हणून ऑस्ट्रियाला सर्बियाला धडा शिकवायचा होता. पण सर्बियामागे रशिया उभा. ऑस्ट्रियाने जर्मनीला विचारलं. जर्मनी म्हणाला, तू कर काय करायचं ते, मी आहे पाठीशी. तसं हे भांडण दोघांचं होतं आणि बसून मिटलंही असतं. पण पाठीशी उभा राहणारा मोठा मिळाला की लहानाला समजुतीची गरज वाटत नाही.

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन मागण्या पाठवल्या. सर्बियाने बहुतेक सगळ्या मान्य केल्या. तरी २८ जुलैला युद्ध पुकारलं. ३० जुलैला रशियाने सगळं सैन्य गोळा करायचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर आणि ३ ऑगस्टला फ्रान्सवर युद्ध पुकारलं. जर्मनीने आधीच ठरवून ठेवलं होतं की लढायची वेळ आली तर पहिल्यांदा फ्रान्सला लवकर पाडायचं आणि मग रशियाकडे वळायचं. आगगाड्यांचं वेळापत्रकसुद्धा तयार होतं. फ्रान्सला जाताना वाटेत बेल्जियम. त्याचं कोणाशी भांडण नाही, तरी त्याच्या अंगावरून सैन्य नेलं. मग ४ ऑगस्टला इंग्लंड उतरलं. एक खून, आणि अडतिसाव्या दिवशी सगळा युरोप लढाईत.

इंग्लंड उतरलं त्या दिवशी हिंदुस्थानही उतरला. व्हाइसरॉयने जाहीर केलं आणि झालं. इथल्या कोणाला विचारलं नाही.

चार वर्षं काय झालं?

सगळ्यांना वाटलं होतं, नाताळपर्यंत पोरं घरी येतील. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीवर जर्मन फौज अडली. मग दोन्हीकडच्यांनी जमिनीत चर खणले. स्वित्झर्लंडच्या हद्दीपासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत, सुमारे ७०० किलोमीटर लांब. त्या चरांत चिखल, उंदीर, थंडी. वर तोंड काढलं की मशीनगन. ही लाइन तीन-साडेतीन वर्षं फारशी हललीच नाही. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला, पुढे सगळेच तो वापरायला लागले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीवर इंग्रजांनी हल्ला केला. त्या एका दिवसात त्यांचे १९,००० वर लोक मेले. एका दिवसात! आपल्या तालुक्यातले पाडे मोजा म्हणजे समजेल, किती घरं झाली ती. जमीन किती मिळाली? काही शेतं.

आणि त्या शिपायांचं एकमेकांशी वैर तरी होतं का? १९१४ च्या नाताळात बऱ्याच ठिकाणी इंग्रज आणि जर्मन शिपाई आपापल्या चरातून बाहेर आले, हात मिळवले, बिड्या-सिगारेटी वाटल्या, आपापले मेलेले पुरले. वरच्या साहेबांना राग आला. पुन्हा असं करायचं नाही म्हणून हुकूम निघाले.

हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली. शिपाई, हमाल, खेचरवाले, स्वयंपाकी. ७४,००० च्या आसपास मेले. आपल्या महाराष्ट्राचा संबंध बघा. सहावी पुणे डिव्हिजन इराकला पाठवली. तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणत. जवळ इराणमध्ये इंग्रजांच्या तेलाच्या विहिरी होत्या, त्या राखायच्या होत्या. त्या फौजेत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्यांना कुट गावात वेढलं. पाच महिने वेढा. घोडी, खेचरं कापून खाल्ली. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं. हजारो मेले. त्यांचा जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात राहिला. सातारा, रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून दगडी पाट्या आहेत : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नावं नाहीत, नुसता आकडा.

आपले आदिवासी भाऊसुद्धा त्यात होते. १९१७ साली फ्रान्समध्ये ओझी वाहायला, रस्ते करायला, लाकूड तोडायला माणसं कमी पडली. तेव्हा छोटानागपूर आणि संथाळ परगण्यातून संथाळ, मुंडा, उरांव आणि ईशान्येकडून नागा, लुशाई अशा लोकांची भरती केली. सगळेच गप्प बसले नाहीत. ओरिसात मयूरभंज संस्थानात संथाळ भरतीविरुद्ध उठले. मणिपूरच्या डोंगरात कुकी लोकांनी माणसं द्यायला नकार दिला आणि १९१७ ते १९१९ इंग्रजांशी लढले. इंग्रजांनी त्यांची गावं जाळली. हे धडे शाळेच्या पुस्तकात नव्हते. आपण लिहून ठेवू.

जंगलाचं बघा. १८७८ चा जंगल कायदा करताना सरकार म्हणालं, आदिवासी जंगलाचा नाश करतात, म्हणून आम्ही राखतो. मग युद्ध आलं. रेल्वेचे रूळ उखडून आफ्रिकेला, इराकला पाठवले. लाकूड, स्लीपर, बांबू, गवत, सगळं युद्धाला. कोणतं कूप कधी तोडायचं याच्या योजना खात्याने स्वतःच बाजूला ठेवल्या आणि लागेल तसं तोडलं. युद्ध संपल्यावर १९२७ चा कायदा आला, तो आणखी कडक. आपण राबासाठी फांद्या छाटल्या तर पावती फाडतात. त्या चार वर्षांत तोडलेल्या सागाची पावती कोणाच्या नावाने फाटली?

वेठ

सगळ्यात जास्त मला आफ्रिकेची गोष्ट लागली. पूर्व आफ्रिकेत इंग्रजांचा आणि जर्मनांचा मुलूख शेजारी शेजारी होता. युरोपचं भांडण तिथेही पेटलं. तिथे रस्ते नाहीत. माशीच्या रोगाने घोडे-बैल मरतात. मग तोफेचा दारूगोळा, धान्य, तंबू वाहणार कोण? माणूस. दोन्हीकडून गावागावांत जाऊन माणसं धरली. इंग्रजांच्या बाजूला चार वर्षांत जवळजवळ दहा लाख हमाल लागले. त्यांतले सुमारे एक लाख मेले. गोळी लागून थोडे मेले. बाकीचे हगवण, ताप, उपास यांनी मेले. ज्या गावातून गडी गेले, धान्य गेलं, गुरं गेली, तिथे मागे दुष्काळ पडला.

आपल्या म्हाताऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेटच्या, फॉरेस्टच्या दारात फुकट राबायचं, बिनपैशाचं लाकूड ओढायचं, त्याला आपण वेठ म्हणतो. ती वेठच होती, फक्त हजार मैल लांब.

युद्ध संपल्यावर केनियात काय झालं ते ऐका. १९१९ साली इंग्रज सरकारने युद्धातून आलेल्या गोऱ्या शिपायांना जमिनी वाटल्या. त्यासाठी तिथल्या नांदी लोकांच्या जमिनी काढून घेतल्या. ज्या काळ्या माणसांनी ओझी वाहिली त्यांना जमीन नाही. मेलेल्या कित्येक हमालांची मजुरीही घरच्यांना मिळाली नाही, सरकारजमा झाली. वर प्रत्येक काळ्या पुरुषाला 'किपांडे' नावाचा पास सक्तीचा केला. कोणाकडे कामाला आहे, किती दिवस, सगळं त्यावर. तो डबीत घालून गळ्यात अडकवायचा. युद्धाआधी जमीन गेली होती. युद्धात माणूस गेला. युद्धानंतर उरलेली जमीन गेली आणि गळ्यात पास आला.

एक प्लॉट, तीन वचनं

युद्ध चालू असताना मोठे देश जमिनीची वचनं वाटत होते. इटली आधी जर्मनीच्या टोळीत होता. १९१५ साली इंग्लंड-फ्रान्सने गुपचूप मुलूख द्यायचं कबूल केलं, तसा तो इकडे आला. अरबांना इंग्रजांनी सांगितलं, तुर्कांविरुद्ध उठा, तुमचं राज्य तुम्हाला देऊ. १९१६ साली त्याच अरबांचा मुलूख इंग्लंड आणि फ्रान्सने नकाशावर रेघ मारून आपसात वाटून घेतला. १९१७ साली त्यातल्याच पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांना घर देऊ असं तिसरं वचन दिलं. एकच प्लॉट तिघांना. त्या जमिनीवर आजपर्यंत रक्त सांडतंय.

हिंदुस्थानलाही १९१७ साली सांगितलं की हळूहळू राज्यकारभार तुमच्या हातात देऊ. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दहा कोटी पौंड युद्धाला दिले. धान्य, कापड, रॉकेल महाग झालं. १९१८ च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरात साथीचा ताप उतरला. युद्धाच्या बोटींबरोबर तो जगभर फिरत होता. देशात एक कोटीच्या वर माणसं मेली, लढाईत मेली त्यापेक्षा शंभर पटींनी जास्त. आणि वचनाचं काय झालं? १९१९ साली रौलट कायदा, आणि १३ एप्रिलला अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार.

युद्ध थांबलं कोणामुळे?

पुस्तकात लिहितात, अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये उतरली म्हणून जर्मनी हरला. ते खरं आहे. ताज्या फौजा आल्या, पैसा आला. मार्च १९१८ मध्ये जर्मनीने शेवटचा मोठा हल्ला केला, तो फसला. पण दुसरंही खरं आहे. खालच्या माणसांनी नाही म्हटलं.

रशियात मार्च १९१७ मध्ये महिला दिनाला बाया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. गिरणीतल्या कामगार बायांनी काम बंद केलं. शिपायांना गोळी घालायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी घातलीही, मग बंदुका खाली केल्या. आठ दिवसांत झार गेला. पण नवीन सरकारने युद्ध थांबवलं नाही, जमिनीचा प्रश्नही पुढे ढकलला. शिपाई म्हणजे शेतकऱ्याचीच पोरं. गावात लोक जमीनदाराची जमीन वाटून घ्यायला लागले हे कळल्यावर ती चर सोडून घराकडे निघाली. नोव्हेंबरमध्ये लेनिनच्या पक्षाने सत्ता घेतली. दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम काढला : जमीनदारांची मालकी रद्द, भरपाई नाही. ते गुपचूप करारही पेपरात छापून टाकले, तेव्हा जगाला वाटणी कळली. पुढे दहा-बारा वर्षांनी तिथल्या सरकारनेच शेतकऱ्यांकडून ती जमीन सक्तीने सामुदायिक शेतात घेतली आणि लाखो उपाशी मेले, हेही लपवायचं कारण नाही. त्याच्यावर वेगळं शिबिर घ्यावं लागेल.

फ्रान्समध्ये १९१७ साली पलटणीच्या पलटणींनी हल्ला करायला नकार दिला. जर्मनीत १९१८ च्या शेवटी कील बंदरावर खलाशी म्हणाले, हरलेल्या युद्धात मरायला बोटी नेणार नाही. बंड पसरलं, कैसर हॉलंडला पळाला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या. सगळे मिळून ९० लाखांच्या आसपास शिपाई मेले होते.

२८ जून १९१९ ला व्हर्सायला तह झाला. जर्मनीवर मोठा दंड बसवला. त्या दंडाच्या आणि अपमानाच्या रागावर पुढे हिटलर पोसला, आणि वीस वर्षांत दुसरं महायुद्ध झालं. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहती? त्या तिथल्या लोकांना दिल्या नाहीत. इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, दक्षिण आफ्रिका यांनी वाटून घेतल्या. सातबारावर नाव बदललं, कसणारा तसाच राहिला.

आता आपलं

मी काही त्या युद्धाची आणि आपल्या पाड्यांच्या भांडणाची बरोबरी करत नाही. पण दोन गोष्टी मला पक्क्या वाटतात. पहिली, हद्दीचं भांडण दोघांनी बसून मिटतं. पाठीमागे सोयरे, शेट, पुढारी उभे राहिले की ते आपल्या हातात राहत नाही. दुसरी, जमिनीची वाटणी होते त्या बैठकीत कसणारा पाहिजे. तो नसेल तर वाटणी होतेच, पण त्याच्या विरुद्ध होते.

म्हणून शिबिराला माझी विनंती आहे. ज्या दोन पाड्यांचं भांडण झालं, त्यांनी येत्या आठवड्यात प्लॉटवरच बैठक घ्यावी. दोन्हीकडचे कसणारे, बाया धरून. सोयरे नकोत. दोघांनी एकच दोरी धरून हद्द मापावी, दगड लावावेत, कागद करावा, दोघांनी अंगठे द्यावेत. एक प्रत संघटनेकडे ठेवावी. मग गार्डने केलेल्या दोन्ही केसेस आपण सगळे मिळून लढू. तालुक्याला दोघांनी एकाच मोर्चात यायचं.

गटात बसल्यावर एवढंच बोला : आपल्या पाड्यावर कोणाचं कोणाशी हद्दीचं भांडण आहे? ते पेटलं तर फायदा कोणाचा? आणि मिटवायला पहिलं पाऊल कोण टाकणार?

उत्तर सापडलं तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी येऊन लिहून घेतो.

जिंदाबाद!